वडिलांच्या बायोप्सीत नऊ प्रोटीनची नावं आहेत. त्यांतल्या कशावरून पुढचं कळतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५८ वर्षांचे. दुर्बिणीतून घेतलेल्या जठराच्या तुकड्यांचा रिपोर्ट ‘पुअरली डिफरन्शिएटेड अ‍ॅडेनोकार्सिनोमा, काही सिग्नेट रिंग पेशींसह’ असा आला. खाली मार्करची यादी: हर-२ १+, एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ चारही टिकून, पीडी-एल१ सीपीएस ३, के-आय-६७ ७० टक्के, पी५३ जवळपास सगळ्या पेशींत गडद, ई-कॅडहेरिन दिसत नाही. स्कॅन अजून व्हायचे आहेत. यातलं वाईट कुठलं, आणि किती काळ हातात आहे हे यावरून कळेल का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो: या यादीवरून काळ सांगता येत नाही. तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळले आहेत. आजार कुठल्या वळणाने जाईल हा एक, आणि कुठलं औषध लागू पडेल हा दुसरा. रिपोर्टमधल्या कामाच्या तपासण्या मुख्यतः दुसऱ्या प्रश्नासाठी केलेल्या असतात. नेटवर सापडणारे शोधनिबंध मात्र त्याच प्रोटीनबद्दल पहिल्या प्रश्नाच्या भाषेत बोलतात. गोंधळ तिथे होतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सर्वात जास्त स्टेजवर ठरतं. गाठ जठराच्या भिंतीत किती खोल गेली? किती लसिकाग्रंथींत पोचली? १-२ ग्रंथी असतील तर एन१, ३ ते ६ असतील तर एन२, ७ ते १५ म्हणजे एन३ए, १६ किंवा जास्त म्हणजे एन३बी. ऑपरेशन झालं तर कडा स्वच्छ मिळाल्या का? निदान १६ ग्रंथी काढून तपासल्या गेल्या का? कमी तपासल्या तर एन१ लिहिलेला आजार प्रत्यक्षात एन२ असू शकतो. बायोप्सीच्या दोन मिलिमीटरच्या तुकड्यात यातलं काहीच नसतं.

तुमच्या वडिलांच्या प्रकारात एक गोष्ट मी सर्वात आधी विचारीन: पोटाच्या आवरणाचं काय? सुट्या-सुट्या पसरणाऱ्या पेशींचा हा कॅन्सर पेरिटोनियमवर बारीक दाण्यांच्या रूपात जातो, आणि सीटी स्कॅनमध्ये ते दाणे पुष्कळदा दिसत नाहीत. पेट स्कॅनवरही फार विसंबू नका. सिग्नेट रिंग पेशी साखर कमी ओढतात, त्यामुळे आजार असूनही स्कॅन फिका येऊ शकतो. म्हणून ऑपरेशनचा विचार असेल तर आधी लॅपरोस्कोपी करून आत बघतात आणि पोट सलाइनने धुऊन ते पाणी तपासायला पाठवतात. त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडल्या तर डोळ्यांना काही दिसलं नसलं तरी आजार चौथ्या टप्प्यात धरला जातो. वडिलांच्या बाबतीत हा एक निकाल यादीतल्या नऊही प्रोटीनपेक्षा जास्त सांगून जाईल.

आता ‘पुअरली डिफरन्शिएटेड’ या शब्दांकडे, म्हणजे मूळ निरोगी पेशींशी फारसं साम्य न उरलेला कॅन्सर. त्यांच्याखाली निदान दोन वेगळे आजार एकत्र येतात. एकात पेशी एकमेकींना चिकटून भरीव पट्टे करतात. एमएमआर (डीएनए दुरुस्तीची यंत्रणा) बिघडलेले आणि ईबी (एपस्टाइन-बार) विषाणूशी संबंधित कॅन्सर बरेचदा या गटात सापडतात आणि त्यांची वाटचाल तुलनेने बरी असते. दुसऱ्यात पेशी एकेकट्या भिंतीत शिरतात; सिग्नेट रिंग पेशी त्यातल्याच. ग्रेड तोच, पण वागणूक वेगळी. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘काही’ सिग्नेट रिंग पेशी म्हटलंय. उरलेला भाग भरीव आहे, सुटा आहे, की मधेमधे नळ्या आहेत, हे पॅथॉलॉजिस्टला नक्की विचारा. पुढे हर-२ वाचताना त्याचा उपयोग होतो.

मार्करकडे वळण्याआधी आणखी एक खात्री करावी लागते: हा खरोखर जठराचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा आहे का? आकार हरवलेल्या पेशी पुष्कळ आजारांत सारख्याच दिसतात. लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) असेल तर सीडी४५ आणि सीडी२० ही प्रोटीन तपासणीत रंगतात. न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमात सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन येतात. बाई रुग्ण असेल तर स्तनाचा लोब्युलर कॅन्सर जठरात येऊन हुबेहूब सिग्नेट रिंगसारखा दिसतो. तिथे गाटा३ आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर लावून बघतात. पेशी अगदीच ओळख नसलेल्या असतील तर एसएमएआरसीए४ नाहीसं झालंय का तेही पाहावं, कारण तो गट फार आक्रमक असतो. तुमच्या रिपोर्टमध्ये सिग्नेट रिंग पेशी स्पष्ट लिहिल्या आहेत, म्हणजे म्युसिन (पेशीतला चिकट स्राव) दिसलेलं आहे. निदानाबद्दल शंका घ्यायचं कारण मला दिसत नाही.

प्रोटीन ‘वाईट’ असणं आणि त्यावर औषध चालणं या दोन गोष्टी किती वेगळ्या असतात, ते ‘मेट’ या प्रोटीनवरून कळतं. मेट जास्त असलेल्या जठराच्या कॅन्सरचा प्रवास वाईट असतो, असं बरेच अभ्यास सांगत होते. म्हणून मेटचा मार्ग अडवणारं रिलोटुमुमॅब हे औषध मेट असलेल्या रुग्णांना केमोसोबत देऊन रिलोमेट-१ ही चाचणी घेतली. २०१४ साली ती मधेच थांबवावी लागली, कारण औषधाच्या गटात मृत्यू जास्त होत होते. भाकीत सांगणारा मार्कर हाताशी होता, पण उपचारासाठी त्याचा उपयोग शून्य.

हर-२ या पेशीच्या आवरणावरच्या प्रोटीनचं उलट आहे. हर-२ असल्याने आजार आपणहून वाईट वागतो का, यावर मतं विभागलेली आहेत. औषधासाठी मात्र त्याचं महत्त्व वादातीत आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या टोगा चाचणीत हर-२ असलेल्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये केमोला ट्रॅस्टुझुमॅब जोडल्यावर मध्यक आयुर्मान ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेलं, आणि ज्यांच्यात प्रोटीन ठळक होतं त्यांच्यात ११.८ वरून १६ वर.

हर-२ ची मोजणी कशी होते ते थोडं तपशिलात सांगतो, कारण चुका इथेच होतात. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह, आणि २+ असेल तर जनुकाच्या प्रती मोजणारी फिश किंवा तत्सम चाचणी करून ठरवायचं. रंग कुठल्या भिंगाखाली दिसतो यावरून आम्ही पॅथॉलॉजिस्ट ते ठरवतो: २.५ किंवा ५ च्या भिंगातच रंग उठून दिसला तर ३+. १० किंवा २० लागलं तर २+. ४० खाली डोळे ताणावे लागले तर १+. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पेशीच्या सगळ्या बाजू रंगाव्या लागतात. जठरात फक्त बाजूच्या भिंती आणि तळ रंगून इंग्रजी ‘यू’सारखा आकार दिसला तरी चालतो. ऑपरेशनच्या नमुन्यात निदान १० टक्के पेशी रंगलेल्या हव्यात. बायोप्सीत पाच किंवा जास्त पेशींचा एक पुंजका पुरतो.

आता अडचण बघा. पेशी सुट्या असतील तर पाचांचा पुंजका येणार कुठून? शिवाय सिग्नेट रिंग पेशीत म्युसिनच्या थेंबाने केंद्रक कडेला ढकललेलं असतं, आणि आवरणालगतचा पेशीद्रव दाबला जाऊन पातळ कडं तयार होतं. त्या कड्यात थोडा जरी फिका रंग उतरला तरी आवरण रंगल्याचा भास होतो. निव्वळ सिग्नेट रिंग आजारात हर-२ पॉझिटिव्ह येणं विरळाच, त्यामुळे तिथे १+ वर मी विश्वास ठेवतो. पण गाठ मिश्र असेल, काही भागात नळ्या असतील आणि बायोप्सीचे दोन-तीनच तुकडे आले असतील, तर हर-२ असलेला भाग सुटून गेलेला असू शकतो. हे प्रोटीन जठरात गाठभर सारखं नसतं. म्हणून ६ ते ८ तुकडे घ्यावेत, आणि पुढे ऑपरेशनचा नमुना किंवा दुसरीकडच्या गाठीचा तुकडा हाती आला की हर-२ पुन्हा करावं.

एमएमआरची चार प्रोटीन टिकून आहेत, म्हणजे डीएनए दुरुस्तीची यंत्रणा चालू आहे. या यादीत खऱ्या अर्थाने दोन्ही प्रश्नांना उत्तर देणारा मार्कर हा एकच. मॅजिक, क्लासिक, आर्टिस्ट आणि इटाका-एस या चार चाचण्यांतल्या १,५५६ रुग्णांची माहिती २०१९ साली एकत्र तपासली गेली. त्यांत १२१ जणांमध्ये ही यंत्रणा बिघडलेली होती. पाच वर्षांनंतर हयात असण्याचं प्रमाण त्यांच्यात ७७.५ टक्के, तर इतरांत ५९.३ टक्के. गंमत म्हणजे या १२१ जणांत नुसत्या ऑपरेशनवाल्यांपेक्षा केमो जोडलेल्यांना फायदा दिसला नाही. संख्या लहान आहे, तेव्हा त्यावरून कुणाची केमो बंद करा असं मी म्हणणार नाही. पण इम्युनोथेरपीला हा गट फार चांगला प्रतिसाद देतो, म्हणून तो चुकवणं परवडत नाही. निओनिपिगा अभ्यासात ऑपरेशनआधी निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब दिलेल्या अशा रुग्णांपैकी २९ जणांचं ऑपरेशन झालं, आणि १७ जणांच्या नमुन्यात कॅन्सर उरलेलाच नव्हता.

वडील त्या गटात नाहीत. तो चांगल्या बातमीचा एक दरवाजा बंद झाला इतकंच. याला वाईट खूण समजू नका, कारण बहुसंख्य रुग्ण याच बाजूला असतात. फक्त ‘टिकून’ हे शब्द खरे आहेत का हे तपासायचं एक साधन आहे: त्याच स्लाइडवरच्या लिम्फोसाइट आणि आजूबाजूच्या निरोगी पेशींची केंद्रकं रंगलेली असायला हवीत. ती रंगली नसतील तर तुकडा नीट टिकवला गेला नाही आणि तपासणीच बाद. ब्लॉक (मेणात बसवलेला बायोप्सीचा नमुना) चांगला राहायला तुकडा काढल्यावर तासाभराच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये जायला हवा, आणि ६ ते ७२ तास त्यात राहायला हवा. कमी वेळ ठेवला की प्रोटीन पक्की होत नाहीत, जास्त ठेवला की अँटिबॉडीला ती सापडत नाहीत.

पीडी-एल१ हे प्रतिकारशक्तीला अडवणारं प्रोटीन. त्याच्या सीपीएस या गुणांकासाठी रंगलेल्या कॅन्सर पेशी आणि लिम्फोसाइट व मॅक्रोफेज या प्रतिकारशक्तीच्या पेशी यांची बेरीज करतात, तिला सगळ्या जिवंत कॅन्सर पेशींच्या संख्येने भागतात आणि १०० ने गुणतात. मोजायला निदान १०० कॅन्सर पेशी हव्यात. सुट्या पेशींच्या आजारात ही मोजणी फार कटकटीची होते: म्युसिन गिळलेला मॅक्रोफेज आणि सिग्नेट रिंग पेशी शेजारी शेजारी बसलेल्या असल्या तर कुठली कोणती हे केराटिनची (कॅन्सर पेशींना रंगवणारी) स्लाइड बाजूला ठेवल्याशिवाय सांगवत नाही. दोन अनुभवी पॅथॉलॉजिस्ट एकाच स्लाइडला ३ आणि ६ देऊ शकतात. म्हणून ३ हा आकडा अगदी अचूक आहे असं समजू नका. ‘१ च्या वर, १० च्या बराच खाली’ असं वाचा. चेकमेट ६४९ या चाचणीत सीपीएस ५ किंवा जास्त असलेल्यांत केमोसोबत निव्होलुमॅब दिल्यावर मध्यक आयुर्मान ११.१ वरून १४.४ महिने झालं. ५ च्या खाली फायदा कमी होत जातो, १ च्या खाली जवळपास दिसत नाही. तुमचा ३ नेमका मधल्या पट्ट्यात येतो, आणि तिथे डॉक्टरांची मतं वेगळी पडली तर त्यात कुणाची चूक नसते.

यादीत जे नाही ते मला जास्त खटकतं: क्लॉडिन १८.२. हर-२ निगेटिव्ह आणि पसरलेल्या किंवा ऑपरेशन न होणाऱ्या आजारात झोल्बेटुक्सिमॅब हे औषध देता येईल का हे त्यावर ठरतं. निकष कडक आहे, निदान ७५ टक्के कॅन्सर पेशींचं आवरण मध्यम किंवा गडद रंगायला हवं. तरी चाचण्यांसाठी तपासलेल्या रुग्णांत सुमारे ३८ टक्के त्यात बसले. स्पॉटलाइट चाचणीत मध्यक आयुर्मान १५.५ वरून १८.२ महिने झालं. त्रास मुख्यतः मळमळ आणि उलटीचा, तोही पहिल्या डोसांत जास्त. सुट्या पेशींच्या आजारातही हे प्रोटीन सापडतं, म्हणजे जिथे हर-२ हाती लागत नाही तिथे हे लागू शकतं. भाकीत म्हणून त्याचा विशेष उपयोग नाही. आजार ऑपरेशनजोगा निघाला तर आज त्याची घाई नाही. पसरलेला निघाला तर केमो ठरण्याआधी निकाल हातात हवा.

इथे व्यवहाराची एक गोष्ट. बायोप्सीचे तुकडे लहान असतात, आणि प्रत्येक मार्करला ४-५ मायक्रॉनचा एक काप लागतो. दर वेळी ब्लॉक पुन्हा यंत्रावर लावला की पातळी जुळवण्यातच काही काप वाया जातात. आधी के-आय-६७, पी५३ वगैरेवर ब्लॉक खर्ची पडला की क्लॉडिनच्या वेळी काही शिल्लक राहत नाही. मी असा ब्लॉक आला की सगळे काप एकाच बैठकीत काढून ठेवायला सांगतो, आणि क्रम असा धरतो: हर-२, एमएमआर, पीडी-एल१, क्लॉडिन, मग ईबी विषाणूसाठी ईबर. (ईबर ही आरएनएची चाचणी आहे, प्रोटीनची नव्हे, पण गाठीत लिम्फोसाइट खच्चून भरले असतील तर ती जरूर करावी.) तुम्ही विचारायचं ते एवढंच: ब्लॉकमध्ये कॅन्सरचा भाग उरला आहे का?

के-आय-६७ ७० टक्के म्हणजे विभागणी चालू असलेल्या पेशी पुष्कळ. न्यूरोएंडोक्राइन गाठीत हा आकडा ग्रेड ठरवतो, म्हणून रिपोर्टमध्ये लिहायची सवय लागली आहे. जठराच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात मात्र त्यावर ना स्टेज ठरते, ना औषध. सुट्या पेशींचे काही कॅन्सर के-आय-६७ कमी असूनही पेरिटोनियमवर पसरतात, मग या आकड्याला धरून बसण्यात अर्थ काय? पी५३ गडद दिसणं म्हणजे बहुधा त्या जनुकात बदल आहे. जठराच्या सुमारे निम्म्या कॅन्सरमध्ये तो असतो. या दोन्ही निकालांनी वडिलांच्या उपचारात एका गोळीचाही फरक पडणार नाही.

‘अमुक प्रोटीन हा स्वतंत्र भाकीतदर्शक घटक आहे’ असा निबंध पुन्हा समोर आला तर तो असा वाचा. आधी बघा, कट-ऑफ कुठून आणला. १० टक्के, ३० टक्के, ५० टक्के असं सगळं चाचपून ज्यावर पी-व्हॅल्यू (निकाल निव्वळ योगायोग नसल्याचं माप) चांगली आली तो आकडा निवडला असेल तर निकाल फुगलेला असतो. मग, नमुने पूर्ण स्लाइडवर तपासले की टिश्यू मायक्रोअ‍ॅरेवर? मायक्रोअ‍ॅरेत गाठीतून मिलिमीटरभर जाडीची गाभ्याची काडी घेतात. पेशी विखुरलेल्या असतील तर त्या काडीत कधी चारच कॅन्सर पेशी येतात आणि बाकी सगळा तंतूंचा पसारा. तिसरं, हिशेबात स्टेज, तपासलेल्या ग्रंथींची संख्या आणि केमो धरली होती का? आणि शेवटी, दुसऱ्या कुठल्या केंद्राच्या रुग्णांवर तेच पुन्हा दिसलं का? या शेवटच्या पायरीवर बहुतेक निबंध गळतात, म्हणूनच शेकडो प्रोटीनची नावं छापून आली तरी रोजच्या वापरात चार-पाचच उरली.

निबंधातले मध्यक महिनेही जपून वाचा. मध्यक १४ महिने म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले, त्यांतले काही बरेच जास्त. आणि ते आकडे पसरलेल्या आजाराचे आहेत. ऑपरेशन होऊ शकणाऱ्यांचं गणितच वेगळं: फ्लॉट४ चाचणीत ऑपरेशनच्या आधी आणि नंतर फ्लॉट केमो घेतलेल्यांचं मध्यक आयुर्मान ५० महिने होतं. वडील कुठल्या बाजूला आहेत हे स्कॅन आणि लॅपरोस्कोपीनंतरच कळेल.

राहिलं ई-कॅडहेरिन. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं हे प्रोटीन सुट्या पेशींच्या कॅन्सरमध्ये नाहीसं होणं अपेक्षितच आहे. त्यावरून भाकीत करता येत नाही, आणि आजार आनुवंशिक आहे असंही ठरत नाही. बहुतेक वेळा हे प्रोटीन बनवणाऱ्या सीडीएच१ जनुकातला बदल फक्त गाठीत असतो. आनुवंशिक प्रकार शोधायचा तो घरच्या इतिहासावरून. या प्रकारचा कॅन्सर पन्नाशीच्या आत झाला, कुटुंबात जठराचा कॅन्सर दोघांना किंवा जास्त जणांना झाला आणि त्यांतल्या एकाचा तरी हा प्रकार आहे, घरातल्या दुसऱ्या कुणाला सत्तरीच्या आत स्तनाचा लोब्युलर कॅन्सर झाला, किंवा रुग्णाला अथवा घरात कुणाला जन्मतः फाटलेला ओठ किंवा टाळू आहे, यांपैकी काही असेल तर वडिलांच्या रक्तावर सीडीएच१ आणि सीटीएनएनए१ ची तपासणी करून घ्या. तपासणी आधी त्यांची, मुलांची नंतर. त्यांच्यात बदल सापडला नाही तर तुमच्यात तो शोधण्यात फारसा अर्थ राहत नाही.

वयाचा निकष त्यांना लागू होत नाही, आणि घरात असं काही नसेल तर तुम्हा भावंडांसाठी एकच काम उरतं: हेलिकोबॅक्टर पायलोरी आहे का ते श्वासाच्या किंवा शौचाच्या अँटिजेन चाचणीने बघणं, आणि असेल तर पूर्ण उपचार घेणं. चाचणीआधी अ‍ॅसिडिटीच्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असायला हव्यात. नाहीतर जंतू असूनही निकाल निगेटिव्ह येतो. आणि उपचार संपल्यावर चार आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा करा, कारण पहिल्या कोर्सने जंतू जातोच असं नाही.